घटमाला, जीप व तत्सम जुन्या वाहनांतील

जीप, लँड रोव्हर, सैनिकी मालमोटारी यांसारख्या, सर्व चाकांना एंजिनाची शक्ती पुरविण्याची सोय असलेल्या व कच्च्या वाटा, वाळू, चिखल किंवा डोंगराळ प्रदेश यांतून चालविण्याकरिता बनविलेल्या वाहनांतील विद्युत् घटांचा समूह. व्यवहारात हिला बॅटरी म्हणतात. एंजिन सुरू करताना आरंभक चलित्राला (स्टार्टरला) अल्पकाळ मोठा विद्युत् प्रवाह पुरविणे, एंजिन बंद असताना दिवे, भोंगा इत्यादींना वीज देणे आणि एंजिन चालू असताना जनित्राच्या विद्युत् दाबातील चढउतार सौम्य करणे ही घटमालेची तीन मुख्य कार्ये होत. शहरातील मोटारगाडी बंद पडल्यास मदत सहज मिळते. पण घाटातील किंवा ओसाड प्रदेशातील वाटेवर एकट्या वाहनाची घटमाला निकामी झाल्यास प्रवाशांची सुरक्षितताच धोक्यात येते. म्हणून या वाहनांत घटमालेची निवड व देखभाल यांना विशेष महत्त्व आहे.

सुमारे १९४० ते १९९० या काळात बनविलेली अशी अनेक वाहने अद्याप वापरात आहेत. ती रोज चालविली जातातच असे नाही. पुष्कळशी आठवड्यांमागून आठवडे उभी असतात. त्यांच्या घटमाला वापराने झिजण्यापेक्षा अपुरे भारण, दीर्घकाळचा निष्क्रियपणा आणि सैल बसवणूक या तीन कारणांनी अधिक प्रमाणात अकाली निकामी होतात. मूळ कारण दूर न करता केवळ मोठी किंवा महाग घटमाला बसविल्यास तीही त्याच रीतीने निकामी होते.

इतिहास : गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये शिशाचे पत्रे विरल सल्फ्यूरिक अम्लात ठेवून पुन्हा पुन्हा भारित करता येणारा पहिला घट तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी पट्टिकांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची पद्धत काढली व त्यामुळे घटाची धारकता पुष्कळ वाढली. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विद्युत् आरंभक १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारगाडीत बसविण्यात आला. तोपर्यंत एंजिन हाताने हँडल फिरवून सुरू करावे लागे. आरंभकाच्या प्रसाराबरोबर घटमाला हा मोटारगाडीचा अपरिहार्य घटक बनला.

दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपमध्ये ६ व्होल्ट व ११६ अँपिअर-तास धारकतेची घटमाला होती. युद्धोत्तर काळात सैनिकी वाहनांवर रेडिओसंच व इतर साधने वाढल्याने अधिक दाबाची गरज भासू लागली आणि अमेरिकी सैन्याने १९५० च्या सुमारास आलेल्या एम-३८ जीप व एम-३५ मालमोटार यांत २४ व्होल्टची प्रणाली स्वीकारली. १९४८ मध्ये बाजारात आलेल्या लँड रोव्हर वाहनात १२ व्होल्टची प्रणाली होती. तिच्या रेडिओसज्ज सैनिकी प्रकारांत मात्र २४ व्होल्टचा वापर झाला. भारतात महायुद्धानंतर मागे राहिलेल्या जीपगाड्या नागरी वापरात आल्या आणि स्वातंत्र्योत्तर काळात महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जोडणी व पुढे उत्पादन सुरू केले. परिणामी बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जुन्या वाहनांत वेगवेगळ्या दाबांच्या प्रणाली आढळू शकतात. शिवाय दुरुस्तीच्या ओघात कित्येक ६ व्होल्टच्या गाड्या १२ व्होल्टच्या केलेल्या असतात. म्हणून वाहनाचे नाव किंवा वर्ष यांवर विसंबून न राहता प्रत्यक्ष बसविलेले जनित्र, आरंभक व दिवे यांवरील आकडे पाहूनच दाब ठरवावा लागतो.

रचना व कार्य : अशा वाहनांत बहुधा शिसे-अम्ल घटमाला असते. प्रत्येक घटात लेड डाय-ऑक्साइडाचा लेप असलेल्या धन पट्टिका व सच्छिद्र शिशाच्या ऋण पट्टिका एकाआड एक बसविलेल्या असून त्यांच्यामध्ये सच्छिद्र विभाजक असतात. विरल सल्फ्यूरिक अम्ल हा विद्युत् विच्छेद्य होय. एका घटाचा दाब सुमारे २·१ व्होल्ट असतो. म्हणून ६ व्होल्टच्या घटमालेत तीन व १२ व्होल्टच्या घटमालेत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. २४ व्होल्टकरिता १२ व्होल्टच्या दोन घटमाला एकसरीत जोडतात [⟶ विद्युत् घट].

प्रवाह घेतला जात असताना दोन्ही प्रकारच्या पट्टिकांवर लेड सल्फेट तयार होते व अम्ल खर्च होऊन विच्छेद्य विरल होत जातो. भारणाच्या वेळी ही विक्रिया उलटते. त्यामुळे विच्छेद्याच्या विशिष्ट गुरुत्वावरून (वि. गु.) घटाच्या भारणाची स्थिती कळते. हे मोजण्यासाठी रबरी फुगा व काचेची नळी असलेला तरकाटा म्हणजे हायड्रोमीटर वापरतात. १२ व्होल्टच्या घटमालेबाबत निरनिराळ्या स्थितींतील अंदाजी मूल्ये पुढील कोष्टकात दिली आहेत. दाब मोजण्यापूर्वी घटमाला काही तास विनावापर ठेवलेली असावी.

| भारण (शेकडा) | वि. गु. | दाब (व्होल्ट) | विच्छेद्याचा गोठणबिंदू (सुमारे, °से.) |
|---|---|---|---|
| १०० | १·२६५ | १२·६५ | –५५ |
| ७५ | १·२२५ | १२·४५ | –३५ |
| ५० | १·१९० | १२·२५ | –२३ |
| २५ | १·१५५ | १२·०५ | –१५ |
| ० | १·१२० | ११·९० | –९ |

उष्ण प्रदेशासाठी बनविलेल्या घटमालांत पूर्ण भारित विच्छेद्याचे वि. गु. मुद्दाम कमी, सुमारे १·२४०, ठेवण्यात येते. अशा वेळी उत्पादकाने दिलेले मूल्य प्रमाण मानावे. तापमान दर १०° से. ने वाढले की वि. गु. सुमारे ०·००७ ने कमी दिसते. म्हणून तापलेल्या घटमालेच्या वाचनात तेवढी भर व थंड घटमालेच्या वाचनात तेवढी घट करावी लागते. एका घटाचे वि. गु. इतरांपेक्षा ०·०५० किंवा अधिक कमी असेल व भारणानंतरही तो फरक राहत असेल, तर तो घट सदोष समजावा.

निवड : घटमाला निवडताना पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

(१) विद्युत् दाब : घटमालेचा दाब वाहनाच्या प्रणालीशी जुळला पाहिजे. ६ व्होल्टची प्रणाली मुळातच दुबळी असते असा समज आहे. परंतु तिच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तारांमध्ये असते. समान शक्तीसाठी ६ व्होल्टला १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. उदा., १,२०० वॉट शक्तीच्या आरंभकाला १२ व्होल्टवर १०० व ६ व्होल्टवर २०० अँपिअर प्रवाह लागेल. तारा व जोड यांचा एकूण रोध ०·००३ ओहम असल्यास पहिल्या बाबतीत ०·३ व्होल्ट म्हणजे शेकडा २·५, तर दुसऱ्या बाबतीत ०·६ व्होल्ट म्हणजे शेकडा १० दाब वाटेतच खर्च होईल. म्हणजे त्याच तारेत होणारी हानी प्रमाणाने चौपट होते. जुन्या जीपमधील मूळची जाड तार बदलून तेथे १२ व्होल्टच्या गाडीची बारीक तार लावल्यास चांगली घटमालाही एंजिन फिरवू शकत नाही, याचे कारण हेच होय.

(२) भूयोजित ध्रुव : वाहनाच्या धातूच्या सांगाड्याला घटमालेचा कोणता ध्रुव जोडलेला आहे हे पाहणे आवश्यक असते. विलिस जीपमध्ये ऋण ध्रुव भूयोजित होता, तर लँड रोव्हरमध्ये १९६७ च्या सुमारापर्यंत धन ध्रुव भूयोजित केलेला असे. जोडणी उलट झाल्यास प्रत्यावर्तकातील (ऑल्टरनेटरमधील) एकदिशकारक तत्काळ जळतात. एकदिश जनित्र (डायनॅमो) असलेल्या वाहनातही जनित्राचे ध्रुवण व घटमालेचे ध्रुव यांचा मेळ नसल्यास नियामकाचे स्पर्शक जळतात.

(३) आरंभक प्रवाह व धारकता : आरंभक प्रवाहाचे मूल्य घटमाला अल्पकाळ किती मोठा प्रवाह देऊ शकते हे दर्शविते, तर अँपिअर-तास हे मूल्य तिच्यातील एकूण साठा दर्शविते. चार सिलिंडरांच्या पेट्रोल एंजिनाला सुरू करताना सामान्यतः १५० ते २५० अँपिअर प्रवाह लागतो. डीझेल एंजिनातील संपीडन अधिक असल्याने त्याला याच्या दुप्पट किंवा अधिक प्रवाह लागू शकतो. तथापि २०० अँपिअर प्रवाह पाच सेकंद घेतल्यास एकूण खर्च सुमारे ०·२८ अँपिअर-तास एवढाच होतो. म्हणजे ६० अँपिअर-तास धारकतेच्या घटमालेतील शेकडा अर्ध्याहूनही कमी साठा एकदा एंजिन सुरू करण्यात जातो. घटमाला रिकामी होते ती एंजिन बंद असताना लावलेले दिवे, रेडिओ, शीतपेटी किंवा ओढयंत्र (विंच) यांच्यामुळे. अशी साधने नसलेल्या वाहनात मूळच्या धारकतेपेक्षा फार मोठी घटमाला बसविण्याने विशेष लाभ होत नाही.

(४) आकारमान व अग्रांची जागा : घटमाला तिच्या बैठकीत नेमकी बसली पाहिजे व तिची अग्रे एंजिनाच्या झाकणाला किंवा आसनाच्या तळाला स्पर्श करणार नाहीत अशी असली पाहिजेत. धन व ऋण अग्रांची जागा उलट असलेली घटमाला घेतल्यास तारा ताणल्या जातात आणि धक्क्यांनी त्यांचे आवरण घासून मंडल-संक्षेप (शॉर्ट सर्किट) होण्याचा संभव असतो. जुन्या पद्धतीच्या सैनिकी वाहनांकरिता ‘६ टी’ या प्रमाणित आकाराच्या घटमाला मिळतात. त्या १२ व्होल्टच्या असून त्यांची धारकता साधारणपणे १०० ते १२० अँपिअर-तास असते.

(५) प्रकार : शिसे-अँटिमनी मिश्रधातूच्या जाळ्या असलेल्या, पाणी घालता येणाऱ्या घटमाला अनियमित भारण अधिक सहन करतात व त्यांतील प्रत्येक घट तपासता येतो, मात्र त्यांतील पाणी लवकर आटते व त्या उभ्या असतानाही आपोआप विसर्जित होतात. शिसे-कॅल्शियम मिश्रधातूच्या घटमालांत या दोन्ही गोष्टी कमी प्रमाणात होतात, पण पूर्ण विसर्जनानंतर त्या पूर्ववत होणे कठीण असते. काचतंतूंच्या चटईत विच्छेद्य शोषून धरलेल्या बंदिस्त घटमाला तिरप्या चढावरही गळत नाहीत व धक्के चांगले सोसतात; म्हणून खडतर वाटांसाठी त्या सोयीच्या आहेत. त्या महाग असतात आणि एंजिनाच्या उष्णतेने किंवा जादा भारणाने एकदा कोरड्या पडल्या की त्यांत पाणी घालता येत नाही. विच्छेद्य जेलीसारखा घट्ट केलेल्या घटमाला जादा दाबाच्या बाबतीत त्याहून नाजूक असतात.

लिथियम-लोह-फॉस्फेट घटमाला वजनाने पुष्कळ हलक्या असतात. त्यांचा अंतर्गत रोध अतिशय अल्प असल्याने रिकाम्या घटमालेत जनित्राचा सर्व प्रवाह ओढला जातो व जुने जनित्र तापून जळू शकते. तसेच ०° से. पेक्षा कमी तापमानात त्यांचे भारण करू नये. संरक्षक मंडलाने घटमाला अचानक तोडल्यास प्रणालीत दाबाची उसळी येते. म्हणून जनित्र व नियामक यांत योग्य बदल केल्याशिवाय त्या जुन्या वाहनात बसविणे हिताचे नसते.

भारण यंत्रणेशी मेळ : घटमाला वीज निर्माण करीत नाही, ती केवळ साठविते, म्हणून तिचे आयुष्य मुख्यतः भारण यंत्रणेवर अवलंबून असते. १२ व्होल्टच्या जुन्या एकदिश जनित्राचा कमाल प्रवाह बहुधा २० ते २५ अँपिअर असतो व एंजिन मंद फिरत असताना तो जवळजवळ शून्यावर येतो. रात्रीच्या प्रवासात ज्वलन व दिवे यांना सुमारे १२ ते १४ अँपिअर लागल्यास घटमालेसाठी ८ ते १० अँपिअर उरतात. १०० अँपिअर-तासांची घटमाला निम्मी रिकामी असेल, तर ती या प्रवाहाने भरण्यास सहा तासांहून अधिक काळ सलग प्रवास करावा लागेल. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे एंजिन मंदगतीने चालू ठेवल्याने घटमाला भारित राहते, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. अशाने बऱ्याच वेळा एंजिन सुरू करण्यात खर्च झालेली वीजही भरून निघत नाही.

नियामकाने एंजिनाच्या मध्यम वेगाला १२ व्होल्टच्या प्रणालीत साधारणपणे १३·८ ते १४·४ व्होल्ट व ६ व्होल्टच्या प्रणालीत त्याच्या निम्मा दाब राखला पाहिजे. दाब यापेक्षा कमी असल्यास घटमाला सदैव अर्धभारित राहते. अधिक असल्यास पाणी आटते व धन पट्टिकांची जाळी कुरतडली जाते. घटमाला वारंवार बदलावी लागत असल्यास नवी विकत घेण्यापूर्वी हा दाब मोजून पाहावा. नियामक सुधारण्यास लागणारा खर्च नव्या घटमालेच्या किमतीपेक्षा सामान्यतः पुष्कळ कमी असतो.

२४ व्होल्टच्या वाहनात दोन्ही घटमाला एकाच प्रकारच्या, धारकतेच्या व वयाच्या असाव्यात आणि त्या एकाच वेळी बदलाव्यात. अशा वाहनात १२ व्होल्टचा रेडिओ किंवा दिवा लावण्याकरिता दोहोंपैकी एकाच घटमालेवरून प्रवाह घेण्याची चाल आढळते. ती घातक आहे. जिच्यावरून प्रवाह घेतला जातो ती घटमाला कायम अपुरी भारित राहते, तर दुसरी जादा भारित होते आणि काही महिन्यांत दोन्ही निकामी होतात. यासाठी २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा दाब-परिवर्तक वापरावा.

बसवणूक व तारा : खडबडीत वाटेवरील कंपनांमुळे पट्टिकांवरील क्रियाशील लेप सुटून घटाच्या तळाशी गाळ साचतो व तो पट्टिकांपर्यंत पोहोचला की घटात मंडल-संक्षेप होतो. यासाठी घटमाला चौकटीने किंवा पट्टीने घट्ट धरलेली असावी. ती हाताने हलविली असता हलता कामा नये. मात्र चाप प्रमाणाबाहेर आवळल्यास पेटी तडकते. बैठकीखाली अम्लरोधक रबराचा पातळ थर द्यावा व सांडलेले पाणी वाहून जाण्यासाठी छिद्र ठेवावे. धन अग्रावर रबरी टोपण असावे आणि पत्र्यातून जाणाऱ्या तारेभोवती रबरी कडे असावे. सांगाड्याला जोडलेली भूयोजन तार सर्वांत दुर्लक्षित असते. तिच्या टोकाखालील रंग व गंज खरवडून स्वच्छ धातूवर ती आवळली पाहिजे. एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने एंजिन व सांगाडा यांना जोडणारी वेगळी पट्टीही आवश्यक असते.

आरंभक फिरत असताना घटमालेच्या अग्रांवरील दाब १२ व्होल्टच्या प्रणालीत ९·६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. हा दाब चांगला असूनही आरंभक संथ फिरत असेल, तर दोष घटमालेत नसून तारा, जोड किंवा आरंभक यांत आहे असे समजावे. या एका मोजणीने पुष्कळ चांगल्या घटमाला विनाकारण टाकून देण्याचे टळते.

देखभाल : पाणी घालता येणाऱ्या घटमालेतील विच्छेद्याची पातळी महिन्यातून एकदा व उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा पाहावी. पट्टिका सुमारे १० ते १२ मिमी. बुडालेल्या असाव्यात. पातळी कमी झाल्यास फक्त ऊर्ध्वपातित पाणी घालावे. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातील लोह व क्लोराइडे घटाला हानिकारक असतात. आटते ते पाणीच, अम्ल नव्हे. म्हणून अम्ल सांडलेले नसल्यास वरून अम्ल कधीही घालू नये. विसर्जित घटमालेत भारणापूर्वी पट्टिका जेमतेम बुडतील एवढेच पाणी घालून उरलेले भारणानंतर घालावे, कारण भारणाच्या वेळी पातळी वर येते व अम्ल उतू जाऊ शकते.

अग्रांवर जमणारा पांढरा किंवा हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. हे पाणी घटात जाऊ देऊ नये. अग्रे कोरडी करून जोड आवळावेत व वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. घटमालेचा माथा धूळ व ओलाव्याने माखलेला असल्यास दोन अग्रांमध्ये सूक्ष्म प्रवाह वाहत राहतो. कोकणातील पुळणीवर किंवा खाडीतून वाहन नेल्यास क्षारयुक्त पाण्याने हा दोष वाढतो. म्हणून नंतर गोड्या पाण्याने धुऊन सर्व भाग कोरडे करावेत. समुद्राचे पाणी घटात शिरल्यास भारणाच्या वेळी विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.

वाहन उभे असताना : अर्धवट विसर्जित स्थितीत ठेवलेल्या घटमालेतील लेड सल्फेटाचे सूक्ष्म स्फटिक हळूहळू मोठे व कठीण होतात आणि भारणाने त्यांचे पुन्हा रूपांतर होत नाही. याला सल्फेटीभवन म्हणतात. मूळच्या जुन्या वाहनात उभे असताना वीज खाणारे साधन क्वचितच असे. पण नंतर बसविलेले घड्याळ, रेडिओ किंवा चोरसूचक यंत्र यांचा एकत्रित प्रवाह ०·०५ अँपिअर एवढा अल्प असला, तरी दिवसाला १·२ व महिन्याला ३६ अँपिअर-तास खर्च होतात. म्हणून दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या वाहनात भूयोजन तार काढून ठेवावी किंवा विच्छेदक कळ बसवावी. दर महिन्यास दाब पाहून तो १२·४ व्होल्टच्या खाली गेल्यास धारकतेच्या एक-दशांश प्रवाहाने घटमाला पूर्ण भारित करावी. घटमाला जमिनीवर ठेवल्याने विसर्जित होते हा समज रबरी व प्लॅस्टिकच्या पेट्यांच्या बाबतीत निराधार आहे.

सौम्य सल्फेटीभवन झालेली घटमाला अल्प प्रवाहाने दीर्घकाळ भारण केल्यास काही अंशी सुधारते. घटमालेत घालावयाच्या चूर्णांनी ती नवी होते, असे दावे मात्र फार पूर्वीपासून केले जात आहेत. यांतील सर्वांत गाजलेला वाद अमेरिकेत ‘एडी-एक्स २’ या मुख्यतः सोडियम व मॅग्नेशियम यांच्या सल्फेटांच्या मिश्रणावरून झाला. ते निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने काढला. या प्रकरणात १९५३ मध्ये संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांना पद सोडण्यास सांगण्यात आले. परंतु शास्त्रज्ञांच्या विरोधामुळे त्यांना पदावर ठेवावे लागले व राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही संस्थेचे काम योग्य ठरविले.

हवामानाचा परिणाम : उष्णतेने घटातील सर्व विक्रिया जलद होतात, तापमान दर १०° से. ने वाढले की आपोआप होणारे विसर्जन जवळजवळ दुप्पट होते. विदर्भातील उन्हाळ्यात एंजिनाजवळ बसविलेल्या घटमालेतील पाणी लवकर आटते व जाळी कुरतडली जाण्याचा वेगही वाढतो. उलट, थंडीत विक्रिया मंदावतात. –१८° से. तापमानास घटमालेची आरंभक शक्ती २७° से. च्या मानाने निम्म्याहून कमी राहते आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्याने एंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते. लडाखसारख्या प्रदेशात हिवाळ्यात आणखी एक धोका असतो. पूर्ण भारित घटमाला तेथील थंडीत गोठत नाही. पण विसर्जित घटमाला –१०° से. च्या आसपासच गोठते व तिची पेटी फुटते. गोठलेली घटमाला वितळून तपासल्याशिवाय भारणास लावू नये. उष्णतेने झालेली हानी कित्येकदा उन्हाळ्यात लक्षात येत नाही; हिवाळ्यातील पहिल्या थंड सकाळी एंजिन सुरू होत नाही तेव्हा ती प्रकट होते.

सुरक्षितता : भारणाच्या अखेरीस घटातून हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनाचे प्रमाण शेकडा ४ झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून घटमालेजवळ विडी-काडी पेटवू नये व आसनाखालील किंवा पेटीतील घटमालेला वायुवीजन ठेवावे. तारा काढताना भूयोजन तार प्रथम काढावी व जोडताना ती शेवटी जोडावी. या क्रमाने काम केल्यास पाना चुकून सांगाड्याला लागला, तरी ठिणगी पडत नाही. दुसऱ्या वाहनाच्या साहाय्याने एंजिन सुरू करताना दोन्हींचा दाब व भूयोजित ध्रुव आधी पडताळून पाहावेत आणि शेवटचा जोड घटमालेवर न देता तिच्यापासून दूर, एंजिनाच्या किंवा सांगाड्याच्या धातूवर द्यावा. अम्ल तयार करताना पाण्यात अम्ल हळूहळू ओतावे. अम्लात पाणी कधीही ओतू नये. डोळ्यांत अम्ल उडाल्यास ते भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावेत व त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावेत.

निकामी घटमाला : घटमालेच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग शिसे व त्याच्या संयुगांचा असतो आणि ते शिसे पुन्हा पुन्हा वापरता येते. परंतु उघड्यावर घटमाला फोडून शिसे वितळविल्यास धूर व धूळ यांतून ते माती, पाणी व माणसांच्या शरीरात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा कायमचा दुष्परिणाम होतो. भारतात २००१ च्या नियमांनी वापरलेल्या शिसे-अम्ल घटमाला विक्रेत्यांमार्फत परत घेण्याची व्यवस्था सुरू झाली. त्यांची जागा घेणाऱ्या २०२२ च्या नियमांनी सर्व प्रकारच्या घटमाला गोळा करून त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून निकामी घटमाला भंगारात किंवा उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे अथवा अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावी. योग्य दाबाची, घट्ट बसविलेली व सदैव भारित ठेवलेली घटमाला जुन्या वाहनातही कित्येक वर्षे टिकते. त्यामुळे खर्च वाचतो, वाटेत अडकण्याचे प्रसंग टळतात आणि शिशाचा अपव्ययही कमी होतो.